भाकरीत चून भरलं तर ते सँडविच होते का नाही? (शारदोत्सवातलं भांडण)

पऱ्हाटी
राजेहो, एक प्रश्न टाकून राहिलो, हसाचं असन तर हसा पण उत्तर द्या. आमच्या गावात (दर्यापूरकडे) शारदोत्सवात बायांच्या स्पर्धा असतात, रांगोळी, संगीत खुर्ची, उखाणे, अन् यंदा पाककृतीत कोणाच्या तरी डोक्यातून निघालं की सँडविच ठेवू, दरवर्षी तोच ढोकळा किती खाचा. नियम एका ओळीचा: सँडविच करून आणणे, साहित्य आपले.

माझ्या मोठ्या आईनं नाव दिलं. तिनं सँडविच जन्मात खाल्लं असन दोनदा, तेही अमरावतीले ठेल्यावर. तर तिनं काय केलं, ज्वारीची भाकर टाकली, टम्म फुगवली, गरम होती तवाच वरचा पापुद्रा एका बाजूनं सुरीनं उघडला, आतून जवसाची चटणी तेलात कालवून चोळली, मग कोरडं चून, कांद्याची पात, भेदराच्या चकत्या, वरून सांबार, पापुद्रा परत बसवला अन् तव्यावर उलथन्यानं दाबून दोन्हीकून शेकलं. चार तिकोनी तुकडे. (पुण्याकडच्यांसाठी: चून म्हणजे पिठलं, भेदरं म्हणजे टमाटे, सांबार म्हणजे कोथिंबीर, इडलीवालं नाही.)

परीक्षक मॅडम तालुक्याहून आलत्या. त्यांनी एक तुकडा खाल्ला, मग दुसरा खाल्ला, मग म्हणाल्या काकू चव फार छान आहे पण हे सँडविच नाही, ही भरली भाकरी झाली, सँडविचला ब्रेडच्या दोन स्लाइस लागतात. बाद. पहिला नंबर कोनाले, तर ब्रेडमध्ये श्रीखंड अन् चेरी!! म्हणजे श्रीखंड चालते अन् चून चालत नाही. मोठी आई तिथं काही बोलली नाही, घरी येऊन एवढंच म्हणाली, "दोन तुकडे खाऊन मंग सांगतलं, पहिले सांगाचं होतं."

आता तुमीच सांगा, सँडविच म्हणजे नेमकं काय अन् हे ठरवते कोन?

डबलरोटी
मॅडम बरोबर आहेत. दोन स्लाइस नाहीत तर सँडविच नाही. विषय संपला.

तर्रीपोहे
विषय संपला म्हणणाऱ्याचा विषय कधीच संपत नसते भाऊ, आता बघजो दोनशे प्रतिसाद होतेत.
बाकी श्रीखंड सँडविच?? ईईई

कोर्टाची_पायरी
@पऱ्हाटी, तुमच्या मोठ्या आईंना सांगा की या भांडणात त्या एकट्या नाहीत, अमेरिकेत यावर कोर्टात केस झाली आहे, मी वकिली करते (नागपूर) म्हणून हे असले निकाल वाचायचा छंद आहे. २००६ ची गोष्ट, मॅसॅच्युसेट्स राज्यात एका शॉपिंग सेंटरमध्ये पनेरा नावाचं ब्रेड-सँडविचचं दुकान होतं, त्यांच्या भाडेकरारात अट होती की मालकाने दुसऱ्या सँडविचवाल्याला जागा द्यायची नाही. मालकाने दिली क्डोबा नावाच्या बरिटोवाल्याला. पनेरा म्हणे बरिटो हे सँडविचच. जजसाहेबांनी डिक्शनरी काढली आणि सांगितलं की सँडविच म्हणजे ब्रेडचे दोन तुकडे आणि मध्ये सारण, बरिटो एकाच टॉर्टियात (मेक्सिकन पोळीत) गुंडाळलेला असतो, सबब बरिटो सँडविच नाही. म्हणजे तुमच्या मॅडमचाच निकाल.

पण थांबा. २०२४ मध्ये इंडियाना राज्यात फोर्ट वेन गावी नेमकी उलटी केस. तिथे एका जागेवर अट होती की फास्ट फूड चालणार नाही, ऑर्डरप्रमाणे करून दिलेली सँडविचं चालतील. टॅकोवाल्याला (टॅको म्हणजे दुमडलेल्या टॉर्टियात सारण) दुकान टाकायचं होतं. जज म्हणाले टॅको आणि बरिटो हे मेक्सिकन पद्धतीचं सँडविचच आहे, टाका दुकान. देश एक, पदार्थ एक, निकाल दोन. आणि न्यूयॉर्क राज्याच्या टॅक्स खात्याच्या यादीत तर बरिटो, हॉट डॉग, पिटा ब्रेडमधला गायरो (शेकलेल्या मांसाचे काप) सगळं सँडविचमध्येच घातलंय, कारण त्यांना कर हवाय, व्याकरणाशी त्यांना काय करायचं.

माझं मत विचाराल तर तुमची केस मजबूत आहे. भाकरीचा पापुद्रा आणि खालचा भाग मिळून दोन थर होतात आणि मध्ये सारण आहे. पिटा ब्रेड तसाच, आत वाफ धरून फुगतो आणि पोकळी होते, त्यात सारण भरतात. पिटा चालतो तर भाकर का नाही?

डबलरोटी
कारण पिटा ब्रेड आहे ताई. नावातच ब्रेड आहे. भाकरीला कोणी ब्रेड म्हणतं का?

कोर्टाची_पायरी
नावावर जाऊ नका. आयर्लंडच्या सुप्रीम कोर्टाने २०२० मध्ये सबवे या सँडविचवाल्या कंपनीच्या ब्रेडला ब्रेड मानायला नकार दिला. त्यांच्या कायद्यात साखर पिठाच्या वजनाच्या २ टक्क्यांपर्यंत चालते, त्या ब्रेडमध्ये निघाली १० टक्के. म्हणून करमाफी नाही. तुमच्या व्याख्येने मग तिथलं सँडविचही सँडविच नाही राहात.
आणि आपण हसायचं कारण नाही, आपल्याकडेही २०२० मध्येच कर्नाटकात जीएसटीच्या प्राधिकरणापुढे प्रश्न आला होता की मलबार परोटा म्हणजे रोटी का? ते म्हणाले नाही, रोटीला ५ टक्के, परोट्याला १८. घटस्थापनेच्या दिवशी, २२ सप्टेंबर २०२५ पासून, दोन्ही शून्यावर आले तेव्हा कुठे मिटलं.

तर्रीपोहे
म्हणजे घटस्थापनेले परोटा अन् रोटी एक झाले अन् त्याच नवरात्रात मोठ्या आईची भाकर बाद झाली. काय टायमिंग आहे बे

सदाशिवपेठी_जावई
मुळात हा शब्द एका इंग्रज उमरावाच्या पदवीवरून आला आहे हे इथे कोणी सांगितलं नाही याचं आश्चर्य वाटतं. केंट परगण्यातलं सँडविच हे गाव, तिथला चौथा अर्ल जॉन मॉन्टेग्यू. जुगाराच्या टेबलावरून उठायला नको म्हणून त्याने ब्रेडमध्ये मांस घालून मागवलं ही गोष्ट सगळ्यांना माहीत असते, पण ती एका फ्रेंच प्रवाशाने लिहिलेली ऐकीव गोष्ट आहे, अर्लचा चरित्रकार तर म्हणतो हा माणूस आरमाराच्या कामात बुडालेला असे, जुगारापेक्षा कामाच्या टेबलावर खात असणं जास्त शक्य आहे. शब्द लेखी सापडतो तो इतिहासकार गिबनच्या रोजनिशीत, १७६२. आणि याच अर्लच्या नावाने कॅप्टन कुकने १७७८ मध्ये हवाई बेटांना सँडविच बेटं नाव दिलं होतं. असो. तात्पर्य, व्याख्या इंग्रजांची आहे, त्यात भाकरी घुसडू नये.

पऱ्हाटी
घुसडू नये कायले? शब्द त्यांचा असन, भाकर त आपली हाये ना. अन् टेबलावरून न उठता खाणं हे जर सँडविच असन तर माझा आबाजी वखरावरून न उतरता खात होता.

आरहूसची_सून
नमस्कार, मी मूळची यवतमाळची, अकरा वर्षं झाली डेन्मार्कमध्ये आहे, वाचत होते पण आता राहवलं नाही. तुमचं दोन स्लाइसचं भांडण इथे कोणाला समजणारच नाही. इथे दुपारचं जेवण म्हणजे राईच्या काळ्या ब्रेडची एकच स्लाइस, त्यावर लोणी, त्यावर हेरिंग मासा किंवा उकडलेलं अंडं किंवा लिव्हरचा पेस्ट, वरून कांदा, काकडी. स्मोरब्रोड म्हणतात (लिहितात एक, बोलतात भलतंच, मला अजून नीट जमत नाही, सासूबाई हसतात). शब्दाचा अर्थ नुसता लोणी-ब्रेड. वर झाकण नाही. आणि रेस्टॉरंटमध्ये ते काट्याचमच्याने खातात, हातात उचललं तर बघतात तुमच्याकडे.

लेकीच्या डब्यात तीन स्लाइस एकमेकींवर ठेवायच्या तर मध्ये घालायचे खास छोटे कागद मिळतात दुकानात, म्हणजे एकीचं लोणी दुसरीच्या बुडाला लागू नये. पहिल्या वर्षी मला हे कळेना, मी सरळ दोन स्लाइस एकावर एक दाबून दिल्या तर शाळेतून लेक रडत आली की माझा डबा चुकीचा आहे.

तेव्हा मला एकदम आठवलं, आमच्या वावरात निंदणाला येणाऱ्या बाया तळहातावर भाकर घ्यायच्या, त्यावर ठेचा, बाजूला कांदा बुक्कीने फोडलेला. तेच तर हे! फक्त लोणी नाही आणि हेरिंग नाही. सासूबाईंना मी एकदा करून दिलं, त्या म्हणाल्या छान पण ब्रेड फार तुटतो. ज्वारी आहे, तुटणारच.

शिकागोचा_नागपुरी
यात अजून एक भर. इथे अमेरिकेत कोंबडीचा अख्खा तळलेला तुकडा गोल बनमध्ये घातला की ते चिकन सँडविच. बर्गर म्हणजे फक्त खिम्याची टिक्की. तेच इंग्लंड-ऑस्ट्रेलियात गेलं की बनमध्ये गरम काही घातलं की झाला बर्गर, सँडविच म्हणायचं तर कापलेला ब्रेडच पाहिजे. आपण भारतात इंग्रजांसारखं बोलतो म्हणून इथे आल्यावर पहिल्यांदा मी चिकन बर्गर मागितला तर काउंटरवरची पोरगी दोनदा विचारते, खिमा कोंबडीचा का? आणि हॉट डॉग सँडविच आहे का यावर तर इथे लग्नं मोडतील. इथल्या हॉट डॉगवाल्यांच्या कौन्सिलने २०१५ मध्ये जाहीर करून टाकलं की नाही, हॉट डॉग हा हॉट डॉगच.

झाडीपट्टी
आमच्याकडे भंडाऱ्यात भात खातेत जी, आमाले या भांडणात घेऊ नका.

तर्रीपोहे
हे बरं आहे, भात खा अन् कोर्टाच्या बाहेर राहा

हळदीचं_पान
वडापावला का कोणी सँडविच म्हणत नाही? पाव आहे, मधे वडा आहे, चटणी आहे. दोन थर आहेत. साठच्या दशकात दादर स्टेशनबाहेर अशोक वैद्यांच्या गाडीवर सुरू झाला असं सांगतात, पाव हा शब्दच पोर्तुगीजांचा, म्हणजे सगळं परदेशी मटेरियल तयार होतं, तरी नाव पडलं वडापाव. दाबेलीचंही तेच. मला वाटतं ज्याला स्वतःचं नाव चिकटलं त्याला सँडविच म्हणवून घ्यायची गरज राहात नाही. आणि मुंबईच्या ठेल्यावर बीट, बटाटा, काकडी, हिरवी चटणी घालून देतात त्याला वेगळं नाव सुचलं नाही म्हणून तो बिचारा सँडविच राहिला.
मोठ्या आईच्या पदार्थाची अडचण हीच आहे की त्याला नाव नाही.

तर्रीपोहे
भाकरविच

शिकागोचा_नागपुरी
चूनविच

डबलरोटी
पापुद्रा पॅटीस. (हे मला आवडलं, पण सँडविच नाहीच.)

धुऱ्यावरची_बाई
मी इथं फारसं लिहीत नाही, नातीनं मोबाइलवर शिकवलं तसं बोलून टाईप करते, चुका असतील तर समजून घ्या. तुम्ही सगळे स्लाइस किती, थर किती, हे मोजून राहिले, पण खाणं कसं खातात ते कोणी पाहिलं नाही.

आमच्या लहानपणी डबलरोटी घरात आली म्हणजे कोणीतरी आजारी आहे असं समजायचं. सायकलवर टिनाची पेटी बांधून माणूस यायचा सकाळी, खारी टोस्ट अन् डबलरोटी, अन् घेणारं घर असलं तर शेजारीण विचारायची काहो कोणाले बरं नाही. दवाखान्यात भरती माणसाले दुधात नाहीतर चहात बुडवून द्यायची. निरोगी माणसानं खायची ती वस्तूच नव्हती. आता तिच्यात श्रीखंड घालून पहिला नंबर देतात त्याचं मला नवल वाटत नाही, पण हसू येतं.

दुसरी गोष्ट. भाकर तोडून खातात. एक घास तोडायचा, चून नाहीतर भाजी त्याच्यात धरायची, तोंडात टाकायची, उरलेली भाकर स्वच्छ राहते. तोडलेल्या भाकरीतली अर्धी मी माझ्या सोबतिणीले देऊ शकते, ती मला तिच्या फडक्यातली देते. सँडविच दातानं तोडतात. एकदा दात लावला की ते सगळं उष्टं झालं, मग ते कोणाले देता येत नाही. आमच्या सासूबाई पोरांना पोळीची सुरळी करून द्यायच्या तेल-तिखट लावून, पण ती पोरांनाच, मोठ्या माणसानं सुरळीला दात लावून खाल्लेलं मी आमच्या घरी पाहिलं नाही. पोरांचं उष्टं चालते, माय खाते ते.
म्हणून ते तिकोनी तुकडे करतात ना, ते वाटून घेता यावं म्हणूनच असतील असं मला वाटते. मोठ्या आईनं चार तुकडे केले ते बरोबर केले.

आरहूसची_सून
आजी, हे फार आवडलं. इथे ऑफिसात कोणी आपल्या स्लाइसमधला घास देत नाही, मला पहिली दोन वर्षं वाटायचं ही माणसं तुसडी आहेत.

सदाशिवपेठी_जावई
उष्ट्याचा मुद्दा मान्य. मात्र त्यात भर म्हणून सांगतो, सपाट भाकरीचा आणि सारणाचा जुना दाखला ज्यू लोकांकडे आहे. हिलेल नावाचे धर्मगुरू, येशूच्या थोडे आधीचे, पासओव्हरच्या सणाला बिनआंबवलेल्या मात्सा रोटीसोबत कोकराचं मांस आणि कडू पाला एकत्र करून खात. त्या सणाच्या जेवणात आजही दोन मात्सांमध्ये कडू पाला घालून घास खातात, त्याला इंग्रजीत हिलेल सँडविच म्हणतात. म्हणजे अर्लच्या सतराशे वर्षं आधी.

कोर्टाची_पायरी
जावईबापू, तुम्ही आत्ता स्वतःच्याच विरुद्ध साक्ष दिली. ना यीस्ट, ना स्लाइस, तरी सँडविच.

सदाशिवपेठी_जावई
मी फक्त माहिती दिली.

तर्रीपोहे
फुटला साक्षीदार

वावरातला_इंजिनिअर
पापुद्र्याबद्दल. ज्वारीत ग्लुटेन नसते म्हणून भाकर गुंडाळता येत नाही, थंड झाली की घडी मारली तर तुटते, गव्हाच्या पोळीसारखी वळत नाही. मग पीठ एकत्र राहते कसं, तर उकळत्या पाण्यात मळल्यामुळे त्यातला स्टार्च चिकट होते. तव्यावर टाकल्यावर वरून पाण्याचा हात फिरवतात, ती बाजू आधी वाळते अन् आगीवर आत वाफ धरली की पदर सुटून वर येते. म्हणजे मोठ्या आईसमोर रोलचा पर्याय नव्हताच, भाकर असल्यावर एकतर वर ठेवून खा (डेन्मार्क) नाहीतर आत भरा (पिटा). तिनं बरोबर डिझाइन केलं. फक्त भाकर गरम असताना दहा मिनिटाच्या आत करावं लागन, नाहीतर पापुद्रा कडक होऊन तडकते.

कोर्टाची_पायरी
या धाग्यावर एक आवडता किस्सा टाकून जाते मग कामाला लागते. १८९६ मध्ये न्यूयॉर्कला रेन्स कायदा आला, रविवारी दारू फक्त हॉटेलात जेवणासोबत. मग जेवण म्हणजे काय? सँडविच. गुत्तेवाल्यांनी एकच वाळलेलं सँडविच दिवसभर या टेबलावरून त्या टेबलावर फिरवलं, खायचं कोणीच नाही. काही ठिकाणी तर ब्रेडच्या दोन तुकड्यांमध्ये वीट ठेवलेली होती असं सांगतात. दोन स्लाइस आणि मध्ये सारण, डबलरोटीभाऊंच्या व्याख्येत चोख बसतं.

डबलरोटी
वीट भाजलेली असते, भरलेली नाही. आक्षेप.
बरं चला, मी अर्धा मागे येतो. सँडविच नसेल पण बाद करायला नको होतं, नियमात ब्रेड लिहिलं नव्हतं. उत्तेजनार्थ द्यायला पाहिजे होतं.

पऱ्हाटी
तीन दिवस सोंगणीत होतो, आता सगळं वाचलं. मोठ्या आईले पण वाचून दाखवलं, डेन्मार्कचं ऐकून ती म्हणाली मासा लोण्यावर कसा ठेवतात बाप्पा.

आता खरी गंमत सांगतो. तिच्या मनात ते बसलं होतं, तर काल सोयाबीन सोंगाले बारा बाया होत्या, त्यांच्यासाठी पहाटे उठून तिनं तेच केलं, पंधरा भाकरी, पापुद्रे उघडून चून भरून, फडक्यात बांधून धुऱ्यावर नेल्या. म्हटलं आता निकाल लागन, ह्या बाया खऱ्या परीक्षक. दुपारी बाभळीखाली सगळ्या बसल्या. मी पाहून राहिलो. पहिलीनं पापुद्रा पूर्ण सोलून काढला, आतलं चून डब्याच्या झाकणात काढून घेतलं, भेदरं बाजूले सारलं, भाकर तोडली अन् चुनासंग खायले लागली. तिचं पाहून बाकीच्यांनी पण तेच. दहा मिनिटात सगळ्या सँडविचची भाकर-चून झाली. एकीनं विचारलं, चून एवढं कोरडं काऊन केलं व माय, पातळ केलं असतं तर बुडवता आलं असतं.

मोठी आई माझ्याकडे पाहून हसत होती. @धुऱ्यावरची_बाई, तुमीच जिंकले.

धुऱ्यावरची_बाई
कोरडं चून धुऱ्यावर नेऊच नये, पाणी पाणी होते जिवाचं. ताक नेलं होतं का?

पऱ्हाटी
नेलं होतं, दोन कॅन. ते आधी संपलं.

आरहूसची_सून
ते सगळं जाऊ द्या, जवसाच्या चटणीचं प्रमाण द्या ना. इथे जवस ढिगाने मिळतं, ब्रेडवर भुरभुरतात नुसतं, चटणी कोणी करत नाही.

पऱ्हाटी
विचारून सांगतो. वाटीभर जवस कोरडे भाजाचे, तडतड वाजले पाहिजे, पण करपू द्याचे नाही, कडू होतेत. सात-आठ लाल मिरच्या थोड्या तेलावर परतून, लसणाच्या दहा-बारा पाकळ्या, अर्धा चमचा जिरं, मीठ. सगळं गार झाल्यावर कुटाचं. मिक्सरमध्ये थांबून थांबून फिरवा नाहीतर तेल सुटून गोळा होते.

आरहूसची_सून
मिरची भिवापुरी का कोणतीही?

पऱ्हाटी
भिवापुरी म्हणते. अन् लसूण सोलू नका म्हणते, सालीसकट कुटा.

डबलरोटी
ही चटणी ब्रेडला लावली तर चालते का?